लोकरीचा रुबाब

फार वर्षांमागे सिदू धनगराने थंड मुलखातून दाट लोकरीचा एडका आणला. चैत्रात सगळा कळप कातरून झाला, पण एडक्याने कातर जवळ येऊ दिली नाही. सिदूलाही तो रुबाब आवडायचा. उन्हात एडका नुसता धापा टाकायचा.

म्हातारी मेंढी म्हणाली, "कातरून घे बाबा. अंग असं तापलं की एडक्याचं बीज मरतं."

"मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?" एडका म्हणाला.

त्या साली एकही मेंढी गाभण राहिली नाही. "सगळ्या वांझ निघाल्या," म्हणत सिदूने त्या खाटकाला दिल्या.

जाताना म्हातारीने एडक्याकडे पाहिलं. संध्याकाळी नव्या मेंढ्या येणार होत्या, म्हणून सिदू त्याच्या शिंगांना हळद लावत होता.