नवसाचे अनारसे

एका गावात मथुरा नावाची एक सुगरण बाई राहत होती. पुरणपोळीत सुगरण, भाकरीत सुगरण. अनारसे मात्र तिनं जन्मात केले नव्हते. आणि नवस बोलली ती नेमका अनारशांचा.

त्याचं असं झालं. तिच्या नवऱ्याचे डोळे बिघडले. अंगणातली गाय कुठली नि वासरू कुठलं, तेही त्याला कळेना. तेव्हा मथुरा लक्ष्मीनारायणाच्या देवळात गेली, पदर पसरला आणि म्हणाली, "देवा, यांची दृष्टी परत दे. येत्या अधिक महिन्यात तुला अनारशांचं वाण देईन. माझ्या हातचं देईन."

देवानं ऐकलं. नवऱ्याला दिसू लागलं. आणि यथावकाश अधिक महिनाही आला. तो काही दरवर्षी येत नाही. एकदा चुकला की पुढचा यायला तीन वर्षं लागतात. नवस फेडायला देवाला तीन वर्षं कसं थांबवायचं?

मथुरेच्या सासूबाई अनारसे फार सुरेख करायच्या. पण करताना स्वयंपाकघरात कुणाला उभं करायच्या नाहीत. त्या गेल्या आणि त्यांचं प्रमाणही त्यांच्याबरोबर गेलं. मथुरेनं मग आठवेल तसं केलं. तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, फडक्यावर सावलीत सुकवले, ओलसर असतानाच कुटले. पिठात गूळ मिसळताना तिला आईचं सांगणं आठवलं, की देवाचं करताना हात आखडू नये. तिनं आणखी एक ओंजळ गूळ घातला. गोळा करून डब्यात मुरत ठेवला आणि डब्याला नमस्कार केला.

महिना संपत आला तशी तिनं कढई चढवली. खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि देवाचं नाव घेऊन तुपात सोडला. तो क्षणभर तरंगला. मग कडा सुटल्या, मध्ये भोक पडलं, आणि बघता बघता कढईत नुसता चुरा राहिला. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्याचंही.

मथुरा झारा हातात धरून बघतच राहिली. काय चुकलं? देवाला म्हणून गूळ जास्त घातला, तूप घरचं घेतलं, सोवळ्यात केलं. मग हे असं का?

शेजारच्या घरातून तिच्या नणंदबाई आल्या. त्यांनी कढईत डोकावलं. "अगं, पीठ कोरडं आहे. केळं कुस्कर त्यात."

मथुरेनं केळं कुस्करलं. अनारसे आणखीच पसरले.

समोरच्या द्वारकाकाकू आल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "केळं? कुणी सांगितलं तुला? तूप कडकडीत तापव आधी."

तूप कडकडीत तापलं. आता अनारसे काळे झाले आणि मगच विरघळले.

"कडकडीत कशाला? आच मंद हवी," नणंदबाई म्हणाल्या.

"मंद आचेवर का कुणी अनारसे तळतं?" काकू म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे पाठ करून निघून गेल्या. मथुरेला मेलं काहीच उमजेना. जिला विचारावं ती छातीठोक सांगे, आणि केलं की चुराच पदरात पडे.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "देवानं डोळे परत दिले ते हे बघायलाच का गं?" त्यानं एक चिमूट तोंडात टाकली, मग दुसरी. "चव मात्र झकास आहे हं."

"अहो, चवीचं काय घेऊन बसलात? वाणाचं काय करू?"

नवीन पीठ करायला आता दिवस उरले नव्हते. नणंदबाई परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, जिवाला लावून घेऊ नकोस. बाजाराच्या गावी हलवाई आहे. ताटावर रुमाल असतो. देव काय विचारणार आहे, कुणी तळले म्हणून?"

मथुरेचं मन डळमळलं. तिनं नवऱ्याच्या हाती डबा दिला. तो पायरी उतरला. तशी ती धावत दारात आली.

"अहो, थांबा. माघारी या."

"आता काय झालं?"

"मी देवाला म्हणाले होते, माझ्या हातचं देईन. छान गोल देईन, असं कुठं म्हणाले होते?"

नवरा हसला. मग तीही हसली. कढईतला सगळा चुरा तिनं निथळून घेतला, वाटीत दाबून भरला, ताटात ठेवला, वर रुमाल घातला.

अमावस्येला देवळात बायकांची ताटं ओळीनं मांडली गेली. रुमाल निघाले. मथुरा पुन्हा गोंधळली. इतकी घरं, इतके हात, आणि अनारसे सगळे एका आकाराचे, एका रंगाचे! तिनं अगदी भाबडेपणानं विचारलं, "काकू, तुमचे नि वन्संचे अनारसे जुळ्या भावंडांसारखे कसे हो?"

काकू एकदम समईची वात सारखी करू लागल्या. नणंदबाईंनी विषय बदलावा म्हणून मथुरेच्या ताटावरचा रुमाल ओढला. "आणि हे काय म्हणायचं?"

"अनारसेच आहेत, वन्सं. देवाला बघून त्यांनी साष्टांग नमस्कार घातलाय."

आधी एक जण फिसकन हसली. मग सगळं देऊळ हसलं. हसता हसता द्वारकाकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मथुरे, माझ्या फडताळात असाच डबाभर चुरा लपवलाय गं. हे हलवायाचे आहेत."

"माझेही," नणंदबाई पुटपुटल्या.

"हलवाई म्हणाला, गूळ जास्त झाला की अनारसा तुपात विरतो. तू किती घातला होतास?" काकूंनी मथुरेला विचारलं.

"देवाचं होतं, म्हणून एक ओंजळ जास्त."

"अगं बाई! मीही!"

"मीसुद्धा!" ओळीतल्या बाकीच्याही म्हणाल्या.

मग काय, घरोघरचे लपवलेले डबे देवळात आले. सगळा चुरा एका परातीत ओतला आणि नैवेद्य दाखवला. तो प्रसाद मुलांनी मुठीमुठीनं खाल्ला. हलवायाचे गोल अनारसे ताटांतच राहिले.

मथुरा घरी आली ती एक कोडं घेऊनच. जास्तीचा गूळ देवाला रुचला, की देवानं तिची गंमत केली? ते काही तिला उलगडलं नाही. तिनं हात जोडले आणि पुढच्या अधिक महिन्याचा नवस बोलून टाकला. अनारशांचाच.

तात्पर्य: आपल्या हातचं मोडकंतोडकंही देवाला पोचतं, आणि एकीनं आपली फजिती हसून उघडी केली की साऱ्याजणींच्या मनावरचं ओझं उतरतं. तेव्हा बायांनो, तुमच्याही फडताळात असा एखादा डबा असेल तर तो आज बाहेर काढा आणि शेजारणीला हाक मारा.