फुलाच्या आतले कप्पे

एकदा फ्रान्समधल्या एका डोंगराळ गावात वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या एक वृद्ध विदुषी राहत होत्या. त्यांचं चित्र शास्त्रज्ञ पुरावा म्हणून स्वीकारत. त्यांच्याकडे क्लेमाँ नावाचा तरुण शिकत होता. त्याच्या वडिलांचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. फुलं रंगवून कुणाचं पोट भरलंय, असं म्हणत त्यांनी मुलाला एकच उन्हाळा दिला होता. तेवढ्यात नाव झालं तर ठीक, नाहीतर निमूट कारखान्यात यायचं.

उन्हाळा सरत आला आणि क्लेमाँला उंच कड्यावर घंटेच्या आकाराचं एक निळं फूल सापडलं. पानं निराळी, रंगही निराळा. ही नवीच जात! गडी हवेत तरंगू लागला, गावभर सांगून मोकळा झाला. फूल पाण्याच्या पेल्यात ठेवून त्याने चित्र काढलं, आणि तेही असं देखणं की बघत राहावं.

बाईंनी मात्र विचारलं, आतलं कुठंय? अशा फुलाची जात बीजकोशाच्या कप्प्यांवरून ठरते. तीन निघाले तर जुनी, पाच निघाले तर नवी. त्यासाठी फूल चिरावं लागतं. क्लेमाँ उद्या-उद्या करू लागला. एकुलतं एक फूल, चिरलं की संपलं, असं त्याचं म्हणणं.

एका सकाळी बाई उठल्या आणि त्यांनी पेल्यातलं पाणी सरळ खिडकीबाहेर ओतून दिलं. क्लेमाँ संतापला. संध्याकाळपर्यंत फूल सुकेल, मग हाती काय राहील, असं त्याने विचारलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “फूल सुकेल म्हणून तू घाबरतोस असं मला वाटत नाही, बाळा. तुला भीती आहे ती आतल्या कप्प्यांची. न चिरता ठेवलंस, तोवर ते नवं आहे असं म्हणत राहता येतं. पण ज्याने हे फूल कधी पाहिलं नाही, तो आपल्या चित्रावर विसंबणार आहे. त्याच्या हाती तुझी आशा देऊन कसं चालेल? माझा हात आता थरथरतो. तुलाच चिरावं लागेल.”

क्लेमाँने ओठ घट्ट मिटले आणि पातं चालवलं. भिंगातून पाहिलं. कप्पे तीनच होते.

त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. डोळे भरून आले. पण तो जागचा उठला नाही. उजेड होता तोवर त्याने ते तिन्ही कप्पे जसेच्या तसे रेखाटले आणि खाली जुन्याच जातीचं नाव लिहिलं.

मग तो वडिलांकडे गेला आणि फूल जुनंच निघालं, हे त्याने आधी सांगून टाकलं. वडील म्हणाले, मग उद्यापासून कामाला ये.

“नाही येणार, बाबा,” क्लेमाँ म्हणाला. “आज माझ्याच विरोधात जाणारं चित्र मी खरं काढलं. आता हे काम मला येतं.”

वडील स्वतः कसबी माणूस. मुलाला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा कारखान्याचा विषय काढला नाही.