उलटी टांगलेली वाकळ

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा मी विचारलं, "ही वाकळ उलटी कुणी टांगली?"

वेळ पक्की सांगते. पोरीला साडेनऊला इथल्याच तालुक्याच्या दवाखान्यात डोस टोचला होता. ताप चढतोय का म्हणून मी सारखी तिच्या कपाळाला हात लावत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

"उलटी?" तेजस सर माझ्याकडं वळले. "ताई, ती सुलट आहे. आणि हात लावू नका."

मी हात लावला नव्हता. नुसता कोपरा उचलला होता.

हे संग्रहालय म्हणजे एसटी स्टँडामागचं जुन्या जिनिंगचं गोदाम. हसनचाचा नदाफ यांनी ते उभं केलं. चाचा पिंजारी. खांद्यावर कमान घेऊन चाळीस वर्षं गावोगाव कापूस पिंजत फिरले, आणि लोक जे अडगळ म्हणून टाकत होते ते घेऊन आले. रंगवलेले लाकडी बैल, पोळ्याच्या झुली, कागदाच्या लगद्याचे मुखवटे, वाकळा. तेजस सर बडोद्याहून संग्रहालयाचं शिक्षण घेऊन आले, तेही आता दोन वर्षं इथंच आहेत, चाचांकडं शिकायला. ते चाचांना उस्ताद म्हणतात. त्यांचं ऐकून गावही तेच म्हणायला लागलं.

उस्ताद दाराजवळ सतरंजीवर बसून कापसातली सरकी काढत होते. मान वर केली नाही.

वाकळेखाली कागदाची पाटी होती. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं...

वाकळ. जुनी लुगडी व खण. भाळेवाडी. अंदाजे तीस वर्षांपूर्वीची. कारागीर: अज्ञात.

मी त्या पाटीसाठीच आले होते. आमच्या शेजारच्या सुभद्रावहिनी आठवड्याच्या बाजाराला आल्या तेव्हा इथं डोकावल्या होत्या. त्यांनी येऊन सांगितलं, तुझ्या आजोळची एक वाकळ काचेबिचेशिवाय भिंतीवर टांगलीय, आणि शिवणारीचं नाव नाही. माझ्या आईनं लग्नाआधी शिवलेली पहिली वाकळ पिंजाऱ्यानं नेली होती. आई एवढंच सांगायची. ती हीच असेल तर खाली माझ्या आईचं नाव लागलं पाहिजे. दवाखान्यातून निघाले ते हेच मनाशी धरून.

"सुलट कशावरून म्हणता, सर?"

सरांनी खिशातलं पेन काढलं आणि न टेकवता वाकळेवर फिरवलं. "हे बघा. टाका काठापासून सुरू होतो. चारी बाजूंनी फिरत फिरत मधे येतो. हा फेरा नेहमी एकाच अंगाला जातो. मी या तालुक्यातल्या एकशे बारा वाकळा तपासल्यात. एकही वेगळी नाही. ही या बाजूनं टांगली तरच फेरा जुळतो."

"मग खणाचे कोपरे भिंतीकडं कसे गेले?"

"जातात काही काही."

"चोळीचा खण कोण खालच्या अंगाला लावतं, सर? जमिनीला दाखवायला?"

दाराजवळ उस्ताद खोकल्यासारखं हसले.

सरांचा चेहरा जरा ताठ झाला. माणूस वाईट नव्हता. पण दोन वर्षांत त्यांना असं विचारणारं कुणी भेटलं नसावं. "ताई, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. तुम्ही असं कशावरून म्हणता?"

"माझी आई डावरी आहे."

...

पेन हवेतच राहिलं.

"आमच्या घरातल्या सगळ्या वाकळांचा फेरा असा उलटाच जातो," मी म्हटलं. "आम्हाला तुमच्या एकशे बारा उलट्या वाटतील."

"तेजस," उस्तादांनी हाक मारली.

"जी."

"बडोद्याला डावरी माणसं नसतात काय रे?"

"असतात, उस्ताद."

"मग एखादी आपल्याकडं पण असंल की."

उस्तादांनी कापूस बाजूला सारला. "काढ ती. इकडं आण."

सरांनी स्टुलावर चढून वाकळ उतरवली आणि सतरंजीवर पसरली. मी पोरीला कडेवरून खाली ठेवली. ती लगेच लाकडी बैलाकडं पळायला बघत होती, तिला फ्रॉकच्या मागून धरून बसले. नवं ठिकाण, त्यात डोस टोचलेला. माझा जीव अर्धा तिच्यात, अर्धा वाकळेत.

उस्तादांच्या डोळ्यांत फूल पडलंय, जवळचं तेवढं अंधुक दिसतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. वाकळ उलटवली, तळहात पसरला आणि टाक्यावरून बोट चालवत नेलं. काठानं गेले, कोपऱ्यावर वळले, पुन्हा काठानं. बराच वेळ. पोरगीसुद्धा बघत राहिली.

"डावाच हात," ते म्हणाले. "भाळेवाडी... वाघमोड्यांचं घर. दारात चिंच होती."

"अजून आहे," मी म्हटलं. "मामाचं घर आहे ते."

"पोरीचं लगीन होतं. गादीचा कापूस पिंजायला गेलो होतो. निघालो तर म्हातारीनं ही माझ्या अंगावर टाकली. म्हणाली, तू घेऊन जा बाबा. डाव्या हाताची वाकळ पोरीबरोबर द्यायला नको, सासरची माणसं नाव ठेवतील."

हे मला ठाऊक नव्हतं. आई म्हणायची पिंजाऱ्यानं नेली, ते ऐकून मला लहानपणापासून वाटायचं, त्यानं मागून नेली असेल.

उस्तादांनी सदऱ्याच्या खिशातून खडीसाखरेचा खडा काढला आणि पोरीपुढं धरला. पोरीनं हात पुढं केला. मी तो हात धरून खाली केला आणि दुसरा पुढं केला. घरी दिवसातून वीस वेळा करते तसं, न बघता.

साखर उस्तादांच्या बोटांतच राहिली.

"तिनं कुठला केला होता?"

...

मी हात सोडला. पोरीनं पुन्हा पहिलाच हात पुढं केला आणि साखर घेतली.

सर हे सगळं बघत होते. ते उठले, टेबलावरून कोरा कागद आणला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. मघाचा ताठा गेला होता. "ताई, माझं चुकलं. वाकळ मी सुलट करून टांगतो. आणि आत्ताच नवी पाटी लिहितो. सांगा आईचं नाव."

याच्यासाठीच तर आले होते. मी सावरून बसले.

"लक्ष्मीबाई शिदू कोळेकर."

सरांनी लिहायला घेतलं आणि थांबले. "वाकळ लग्नाआधीची ना? तेव्हा त्या कोळेकर नव्हत्या."

बरोबर होतं त्यांचं. "मग लक्ष्मी वाघमोडे लिहा."

त्यांनी 'ल' काढला.

"लक्ष्मी?" उस्तादांनी विचारलं.

"व्हय. लक्ष्मी."

"तीन दिवस त्या ओसरीवर बसलो होतो मी. दिवसभर त्या पोरीला हाका चालायच्या. पाणी आण, शेरडं बांध, पिंजाऱ्याला भाकरी वाढ." ते थांबले. "लक्ष्मी म्हणून एक हाक आली नाही."

...

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. लक्ष्मी हे सासरचं नाव. आमच्याकडं तेव्हा नवरी आली की नाव बदलायचे. माझ्या थोरल्या चुलतीचं पार्वती, धाकटीचं रुक्मिणी, आईचं लक्ष्मी. सगळ्या देवाच्या बायका करून ठेवल्या होत्या. मला हे लहानपणापासून माहीत होतं. आणि तरी कधी ध्यानात आलं नव्हतं.

"मग काय हाक मारायचे तिला?" मी विचारलं.

"आई तुझी. आणि विचारतेस मला?"

"मामा अक्का म्हणतो."

"ते नातं झालं."

"आजी वारली माझी. तिला ठाऊक असणार."

"आणि आई?"

"आई आहे."

"कुठं?"

"घरी आहे. शेळ्या बघते. मघाशीच फोन आला होता, पोरगी रडली का म्हणून."

"विचारलंस कधी तिला?"

...

चोवीस वर्षं मी तिच्या वाकळांत झोपले. माझी पोरगी झोपते. आईला दोन बाळंतपणांत काय झालं, कुठला दात कधी पडला, कुठल्या शेळीला ती काय हाक मारते, सगळं मी सांगू शकते. हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. इथं दुसऱ्याच्या पाटीला नावं ठेवायला मात्र मी दीड तास एसटीत बसून आले होते.

सरांनी पेनाला टोपण लावलं. हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. "म्हणजे उस्ताद, मी लिहिलं होतं ते बरोबरच होतं. अज्ञात."

"कुणाला?"

"जी?"

"अज्ञात... कुणाला?"

सरांनी आधी वाकळेकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग कुठंच नाही.

उस्ताद भिंतीला धरून उठले. चाचपत वाकळेच्या जागेपर्यंत गेले. जुनी पाटी अजून तिथंच होती. ती त्यांनी चिकटपट्टीसकट सोडवली आणि आपल्या सदऱ्यावर, छातीवर, चिकटवली. दोनदा तळहातानं दाबून बसवली.

"उस्ताद, हे काय करताय?"

"माझी आहे ही."

"पाटी मी लिहिली होती."

"तीन दिवस तिच्या हातची भाकरी खाल्ली रे मी. गावाचं नाव लक्षात ठेवलं, घराचं ठेवलं, चिंच लक्षात ठेवली. हाक तेवढी ध्यानात राहिली नाही. तिला नाव विचारलं नाही."

सर पुढं झाले आणि पाटी काढायला हात घातला. गुरूच्या छातीवर 'अज्ञात' हा शब्द त्यांना बघवेना. उस्तादांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"तुझी तू लिही," ते म्हणाले.

मला हसू आलं. सरांनाही आलं. मग आम्हा दोघांचंही हसू एकदमच गेलं.

सरांनी वाकळ उचलली. मी दुसरी दोन टोकं धरली. आता त्यांनी हात लावू नका म्हटलं नाही. सुलट करून टांगली. खणाचे हिरवे कोपरे समोर आले आणि टाक्यांचा फेरा आमच्या घरातल्यासारखा फिरत मधे गेला. मी दोन पावलं मागं होऊन बघितलं. आईनं सतराव्या वर्षी शिवलेली. एक टाका चुकलेला नाही.

खालची जागा मोकळी होती. भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग.

"मग इथं आता काय लिहू, उस्ताद?"

उस्ताद सतरंजीवर जाऊन बसले, कापूस पुढं ओढला. छातीवरची पाटी तशीच. तेवढ्यात दारातून दोन गडीमाणसं आत आली, त्यांनी पाटी वाचली आणि एकमेकांकडं बघितलं. उस्तादांनी त्यांना नुसतं, या, म्हटलं.

मी पोरीला कडेवर घेतली. कपाळ जरा कोमट लागत होतं. साडेअकराची गाडी गाठायची होती. चपला घालायला वाकले तेव्हा उस्ताद बोलले.

"पोरी, आईला निरोप सांगशील?"

"सांगते की."

"म्हणावं, पिंजारी नाव विचारत होता. लग्नात ठेवलेलं नको... त्याच्या आदलं."