टुकीचं उंबर आणि आबांची टोपी

कान उघडा, तोंड मिटा. हं, ऐका आता.

एक होती टुकी. तांबट पाखरू, मुठीत मावेल एवढं. टुकी राहायची उंबरावर, खायची उंबरं, गायची टुक टुक टुक!

एक दिवस वादळ आलं. कडाड धूम! उंबर पडलं. एक फांदी तेवढी मातीत रुतून उभी राहिली.

टुकी रडली. मग डोळे पुसले. म्हणाली, "उंबराची फांदी मोठी गुणी. मातीत खोचा, रोज पाणी घाला, की फुटते!"

टुकी गेली झारीकडे. भुर्र भुर्र!

"झारीबाई, पाणी शिंपडा.
फांदी फुटेना.
मग मी खाऊ काय, राहू कुठं?"

झारी म्हणाली, "पोट माझं रिकामं गं! हापशाला सांग."

टुकी गेली हापशाकडे. भुर्र भुर्र!

"हापसेदादा, पाणी द्या.
झारी शिंपडीना,
फांदी फुटेना.
मग मी खाऊ काय, राहू कुठं?"

हापसा म्हणाला, "आपोआप वाहायला मी काय नदी आहे? गेनूमामाला सांग, दांडा मार."

गेनूमामा गावचा माळी. पडला होता सावलीत, घोर्र घोर्र!

"गेनूमामा, दांडा मारा.
हापसा पाणी देईना,
झारी शिंपडीना,
फांदी फुटेना.
मग मी खाऊ काय, राहू कुठं?"

मामा म्हणाला, "मी? सरपंच आबांच्या हुकमाशिवाय? छे छे!" आणि कूस बदलली.

टुकी गेली आबांकडे. आबांची टोपी पांढरीशुभ्र. इस्त्री कडक!

"आबा, आबा, हुकूम सोडा.
मामा दांडा मारीना,
हापसा पाणी देईना,
झारी शिंपडीना,
फांदी फुटेना.
मग मी खाऊ काय, राहू कुठं?"

आबा म्हणाले, "सोडतो की! पण आधी फोटो. फोटो नाही तर झाड लावलं कुणी, हे कळणार कसं?"

लावलं कुणी? वादळानं! पण आबांना कोण सांगणार?

टुकी गेली दिगूकडे. दिगू फोटोवाला. केस विंचरत होता.

"दिगूदादा, फोटो काढ.
आबा हुकूम सोडीनात,
मामा दांडा मारीना,
हापसा पाणी देईना,
झारी शिंपडीना,
फांदी फुटेना.
मग मी खाऊ काय, राहू कुठं?"

दिगू म्हणाला, "पाटीशिवाय फोटो? शोभतो का? उस्मानचाचांना सांग, पाटी रंगवा."

टुकी गेली चाचांकडे. चाचा ब्रश हलवत होते.

"चाचा, चाचा, पाटी रंगवा.
दिगू फोटो काढीना,
आबा हुकूम सोडीनात,
मामा दांडा मारीना,
हापसा पाणी देईना,
झारी शिंपडीना,
फांदी फुटेना.
मग मी खाऊ काय, राहू कुठं?"

चाचा म्हणाले, "पाटीवर झाडाचं नाव काय लिहू? ही तर नुसती काटकी! एक पान दाखव, मग लिहितो."

टुकी गेली फांदीकडे. दमली बिचारी.

"फांदीताई, पान काढ.
चाचा पाटी रंगवीनात,
दिगू फोटो काढीना,
आबा हुकूम सोडीनात,
मामा दांडा मारीना,
हापसा पाणी देईना,
झारी शिंपडीना,
फांदी फुटेना.
मग मी खाऊ काय, राहू कुठं?"

फांदी म्हणाली, "पान? अगं, आधी पाणी!"

घ्या! फिरून फिरून भोपळे चौकात! टुकीला आला राग. अस्सा राग!

तेवढ्यात आले आबा. मागून मामा, दिगू, चाचा. पाणी घालायला? छे! फोटोत कोण कुठं उभं राहणार, ते ठरवायला. आबा राहिले फांदीला चिकटून.

टुकीच्या पोटात झालं गुडगुड. टुकी उडाली वर. आणि?

पच्च!

बरोब्बर टोपीवर.

"पाणी! पाणी!" आबा ओरडले.

सुटला हुकूम!
मामानं दांडा मारला, खटाक खटाक!
हापशानं पाणी दिलं, भडाभडा!
झारीनं शिंपडलं, सर्र सर्र!

पाणी टोपीवरून कपाळावर, कपाळावरून मिशीवर, मिशीवरून थेट फांदीच्या बुडाशी. फांदी प्याली गटागटा.

दुसऱ्या दिवशी आबा आले नवी टोपी घालून. पच्च! "पाणी! पाणी!"
तिसऱ्या दिवशी? पच्च! "पाणी! पाणी!"
असं रोज. फोटोची हौस काही सुटेना!

मग एक दिवस फांदीनं पान काढलं.
चाचांनी पाटी रंगवली, वर झाडाचं नाव, खाली आबांचं!
दिगूनं फोटो काढला, खच्याक!
आणि आबा म्हणाले, "गेनू, आता या झाडाला पाणी घालत जा बरं का!"

पावसाळे आले, पावसाळे गेले. टुकी दिवसा पलीकडच्या गावात खायची, रात्री आपल्या फांदीवर झोपायची. फांदीचं झालं झाड. बुंध्याला लगडली लाल लाल उंबरं. टुकीनं खाल्ली मटामटा. पोट झालं टम्म!

खाली आबा पाटी दाखवत होते. "बघा, हे झाड मी लावलं!"

वरून टुकी म्हणाली, "टुक टुक टुक!"

आणि?

पच्च!

पाटीवर आबा, फांदीवर टुकी. उंबरं कुणाच्या पोटात? सांगा बरं तुम्ही!