दुपारची हाक

“पण ऐकायला आहे कोण, आक्का?”

आक्का चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी थापत होत्या.

“तिन्ही बाजूंनी पाणी. गाव बुडालं, माणसं उठून लांब माळावर राहायला गेली. आणि मी आपलं रोज दुपारी दारात उभं राहून ओरडायचं. कोण येणार जेवायला? मासे?”

“आले तर काय वाढायचं ते बघू,” आक्का म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

वृषालीला असल्या उत्तरांचा भारी राग. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला म्हाताऱ्या माणसांचं काय जातं, कुणास ठाऊक. कोड्यात बोलायचं, आणि लोकांनी त्याला ज्ञान म्हणायचं!

धरणाचं पाणी चढलं तेव्हा अख्खं आंबेघोळ त्यात गेलं. टेकडीवरचा मठ तेवढा कोरडा राहिला. मठाची रीत जुनी. दुपारी पानं वाढण्याआधी दारात यायचं, गावाकडे तोंड करायचं आणि खणखणीत हाक घालायची, ‘कुणी उपाशी आहे का? जेवायला या!’ हाक गेल्याशिवाय मठात कुणी घास उचलायचा नाही.

गाव गेलं, रीत राहिली. रीतीच्या सोबतीला आक्का राहिल्या, एकट्या.

वृषाली इथे आली ती कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून. आल्या आल्या तिनं सांगून टाकलं होतं, “मला आता माणसांची गरज उरलेली नाही. मला दीक्षा द्या.”

आक्कांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं...

“आधी हाक घालायला शीक,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून हाक वृषालीकडे आली. आणि दीक्षा तिथेच अडकली.

माणसांची गरज उरली नाही, हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. खरं तर सगळी माणसं मिळून एकच होती. रेवती. होस्टेलवर दोघी एका खोलीत राहिल्या, एका डब्यात जेवल्या, एकमेकींच्या चपला घालून हिंडल्या. रेवतीचं लग्न ठरलं आणि आमंत्रण आलं ते फोनवरच्या ग्रुपवर. पन्नास जणींना एकच पत्रिका. खाली ‘नक्की यायचं हं’ आणि दोन फुलं.

मी पन्नासातली एक? वृषाली गेली नाही. वेगळं बोलावणं नाही, तिथे जायचं कशाला? रेवतीचाही नंतर फोन आला नाही. आला असता तर वृषाली धावत गेली असती... पण आधी तिनं करायला हवा होता. चूक तिची होती.

मग वृषालीनं तत्त्वज्ञानाची पुस्तकं काढली आणि त्या दुखण्याला विरक्ती असं नाव दिलं.

त्या दिवशी ऊन रणरणत होतं. वृषाली दारात आली. समोर संथ, राखाडी पाणी. उन्हाळ्यानं ते खाली गेलं होतं आणि काठाशी बुडालेल्या घरांची जोती उघडी पडली होती. माणूस सोडा, बगळासुद्धा दिसत नव्हता.

तिनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

कोणासाठी? कशासाठी? रिकाम्या जगाला जेवायला बोलवायचं आणि त्याला श्रद्धा म्हणायचं?

ती आत आली. “घातली हाक.”

आक्कांनी मान वर केली. मठ केवढासा, हाक घातली की भांड्यांतून घुमायची. त्यांनी वृषालीचं पान वाढलं आणि स्वतःचं ताट पालथं घातलं.

“तुम्ही?”

“मला आज नको.”

घ्या, आता रुसवा! वृषाली मनात म्हणाली. चुकलीस म्हणून सांगायचं नाही, उपाशी राहून समोरच्याला छळायचं. आमच्या घरीही हेच. ती हट्टानं पोटभर जेवली. अंबाडीची भाजी चांगली झाली होती; ती तिनं दोनदा वाढून घेतली.

उन्हं कलल्यावर ती पाणी आणायला खाली उतरली. काठाजवळच्या करंजाखाली एक म्हातारा बसला होता. डोक्याचा पटका सोडून मांडीवर घेतलेला, मान झाडाला टेकलेली, ओठ सुकलेले.

“आबा! काय होतंय? कोण तुम्ही?”

त्यानं डोळे किलकिले केले. “म्या हैबती. हितलाच.” त्यानं जोत्यांकडे बोट केलं. “ते चिंचेच्या खुंटाशेजारचं माजं घर. उंबरा उघडा पडलाय, कुनी सांगितलं. म्हनलं, मरायच्या आधी एकदा बसून यावं उंबऱ्यावर.”

“जेवलात का?”

म्हातारा कसनुसा हसला. “सून भाकरी बांधून देत हुती. म्हनलं, येडी का काय! मठाची हाक असती दुपारची. तितं जाताना भाकरी न्यायची म्हंजे मठाचा अपमान.”

वृषालीच्या हातातली कळशी जड झाली. रिकामीच होती.

“मग... वर का नाही आलात?”

“हाक कुटं आली?”

“अहो, पण...”

“लई कान दिऊन बसलो हुतो. म्हनलं, वारं उलटं आसंल. मग म्हनलं, आक्का गेल्या आसत्याल. कुनी सांगावा धाडायचा आमाला?” त्यानं पटक्यानं डोळे पुसले. “घराच्या उंबऱ्यावर न्हाई रडू आलं, पोरी. हाक न्हाई म्हनल्यावर आलं. म्हनलं, आता खरं बुडालं गाव.”

वृषालीला काय करावं सुचेना. आणि सुचेनासं झालं की ती चिडायची.

“म्हणून उपाशी बसायचं? दुपारपासून? तेवढी चार पावलं चढून यायचं, विचारायचं, आहे का कुणी! वर अन्न होतं, खाली भूक होती, मध्ये एवढीशी चढण!”

“बिनहाकेचं?” हैबती ताठ झाला. “म्या काय भिकारी हाय? ह्याच मठाला मानकरी हुतो म्या.”

“मान!” वृषाली ओरडली. “जीव गेला असता तर मान घेऊन काय करणार होतात? बोलावलं नाही म्हणून माणूस असं नुसतं बसून राहतं का कुठे? समोरच्याचं काही चुकलं असेल, काही राहून गेलं असेल. तो तिकडे...”

ती थांबली.

पाण्यावरून वारा आला आणि गेला.

“तो तिकडं काय?” हैबतीनं विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “चला. माझा हात धरा.”

चढणीवर म्हातारा तीनदा बसला. पहिल्या दोन्ही वेळा ती त्याच्याशेजारी बसली, पण तिच्यानं सांगवलं नाही की आज हाक गेलीच नव्हती. तिसऱ्यांदा बसला तेव्हा तिनं सांगितलं.

हैबतीनं पटका झटकून डोक्याला गुंडाळला.

“आक्का जित्या हायत न्हवं?”

“आहेत.”

“मग झालं तर,” तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात देऊन उठला.

दारात आक्का उभ्या होत्या. हैबतीला पाहून त्यांच्या तोंडाचं बोळकं उघडं ते उघडंच राहिलं.

“आगं बया! हैबत्या, मेला नाहीस अजून?”

“तुमच्या आधी कसा मरू? लई लोक बोलतील.”

“पाय धू. नुसता दारात उभा राहून वारा अडवू नको.”

आक्कांनी पालथं ताट सुलटं केलं. दुसरं मांडलं. भाकऱ्या निखाऱ्यावर पुन्हा शेकल्या. हैबतीनं कांदा बुक्कीनं फोडला आणि अर्धा आक्कांच्या ताटात टाकला. अंबाडीच्या भाजीचा पहिला घास घेऊन त्यानं डोळेच मिटले. मग दोघं बोलायला लागली, कोणाच्या म्हशीनं कोणाचा जोंधळा खाल्ला होता, कोणाच्या वरातीत बैल उधळला होता. ज्यांच्याबद्दल बोलत होती त्यातलं कुणी आता नव्हतं. जिथे ते घडलं ती जागाही नव्हती. तरी दोघं पोट धरून हसत होती.

वृषाली भिंतीला टेकून बघत राहिली. इतक्या दिवसांत आक्का हसलेल्या तिनं पाहिल्याच नव्हत्या. आपण या बाईशेजारी राहत होतो आणि ही एकटी आहे हे आपल्या लक्षातही आलं नाही... आपण आपल्याच एकटेपणाला नमस्कार घालत बसलो होतो.

जेवून हैबती ओसरीवर आडवा झाला. बाहेर अजून उजेड होता. वृषाली आक्कांसमोर येऊन बसली.

“मी दुपारी खोटं बोलले.”

“हं.”

“तुम्हाला कळलं होतं. मग तुम्ही स्वतः उठून का नाही घातलीत हाक? तो बिचारा...”

“चुकलंच माझं,” आक्का म्हणाल्या. “वाटलं, बघू, पोरगी उठते का. तुला शिकवायच्या नादात त्याला उपाशी ठेवला.”

म्हातारं माणूस आपली चूक अशी सरळ कबूल करतं, हे वृषालीला नवीन होतं.

ती उठली. ट्रंकेच्या तळातून फोन काढला. आली त्या दिवसापासून तो बंद होता. तिनं तो पदराला पुसला, पुन्हा पुसला.

“रेंज कुठे मिळते इथे?”

“मागच्या कड्यावर जातात म्हणे लोक.”

वृषाली दारापर्यंत गेली. उंबऱ्यात थांबली.

“आणि दीक्षा, आक्का?”

“कसली? आधी हाक घाल.”

“आक्का,” ती वळली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “समजा, हाक घातली... आणि ती आलीच नाही तर?”

‘ती कोण’ असं आक्कांनी विचारलं नाही. त्यांनी ताटाला लागलेली भाजी बोटानं निपटून घेतली, बोट चाटलं.

“हाक घालून इतकी वर्षं मी जेवतेच आहे की.”