सात पायांची बोली

समुद्राचं पाणी अजून गोड होतं, तेव्हाची ही गोष्ट. शंखात राहणाऱ्या भिकाजी खेकड्याला घर अपुरं पडू लागलं होतं. एके दिवशी बगळ्याने वाळूत एका ऐसपैस शंखाचं चित्र काढलं आणि लिलाव पुकारला. शंख पलीकडच्या बेटावर होता. किंमत पायांत, आणि तीही आगाऊ.

"दोन पाय!" भिकाजी म्हणाला.

"तीन!" झुडपामागून कुणीतरी ओरडलं.

भिकाजीला चेव चढला. तो सहावर गेला, तर झुडपातून सात आले.

"भिकाजीराव, शंख हातचा चालला," बगळा हळहळला.

शेजारची गोगलगाय कोंडाबाई म्हणाली, "अरे मेल्या, पाय देऊन बसलास तर बेटावर जाशील कसा?"

भिकाजी थबकला. सात पाय देणारा हा दानशूर कोण, म्हणून तो झुडपामागे गेला. तिथे बगळ्याचा मेहुणा उभा होता. त्याला पाय दोनच, त्यातलाही एक वर दुमडलेला.

"बाकीचे पाच कुठून आणणार होतास?"

"तुझ्यातूनच," मेहुणा म्हणाला.

तेव्हापासून बगळा दिसला की खेकडा आधी पाय आत घेतो, मग भाव विचारतो.