देवाच्या घोड्याचा उपास

लय जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा शाळा निघालीच नव्हती आणि पोरं खुशीत होती.

एका गावात देवाचा घोडा होता. त्याला वर्षातून एकच काम. जत्रेला देवाचा मुखवटा पाठीवर घेऊन गावाला एक फेरी मारायची. बाकी वर्षभर देवळामागं उभं राहायचं आणि खायचं. येणारा प्रत्येक जण नमस्कार करून त्याला एक मूठ भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा चारायचा. एकच मूठ. पण गाव दोनशे घरांचं.

एवढ्या खुराकानं घोडा माजायचा. मग कुणाला चावायचा, कुणाला लाथ घालायचा. लोक म्हणायचे, अंगात देव आलाय. लाथ बसलेला माणूस लंगडत घरी जाऊन साखर वाटायचा, आणि दुसऱ्या दिवशी दोन मुठी आणायचा.

एका जत्रेत घोडा असा उधळला, की देव थेट उकिरड्यात. पाटील खवळले. पुढच्या जत्रेला पुन्हा असं झालं तर घोडा वाघाच्या रानात सोडायचा, असं त्यांनी सांगून टाकलं.

घोड्याला गवत घालणारी तान्हूमावशी रडकुंडीला आली. हरभरे बंद करा म्हणून ती घसा फोडून सांगायची. पण देवाच्या घोड्याच्या तोंडचा घास काढते म्हणून लोक तिलाच बोलायचे. शेवटी एक दिवस ती देवळाच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "घोड्यानं उपास धरलाय. जत्रेपर्यंत."

उपास म्हटल्यावर गावानं हरभरे बंद केले. दुसऱ्या दिवशी एक बाई साबुदाण्याची खिचडी घेऊन हजर.

"बये, ह्याच्या उपासाला फक्त गवत चालतं," मावशी म्हणाली. "आणि रोज गावाला पाच प्रदक्षिणा."

लोक आळीपाळीनं लगाम धरून त्याला फिरवू लागले. महिन्याभरात घोडा एवढा निवला, की चिमण्या त्याच्या पाठीवर बसायला लागल्या.

पाटलांना तेवढं घोड्याला चारल्याशिवाय राहवेना. ते रोज गूळ-हरभरे उपरण्यात बांधून यायचे. मावशी म्हणायची, "पाटील, टाकवत नसतील तर तुम्हीच खा की." पाटील खायचे आणि घरी जाऊन लोडाला टेकायचे.

जत्रा आली. घोडा देवाला घेऊन गाईसारखा चालला. पाटील मात्र पोट धरून तीनदा ओढ्याकडं पळाले. तिसऱ्यांदा तर पागोटं वाटेतच राहिलं. लोक हात जोडून म्हणाले, यंदा देव पाटलांच्या अंगात आला.

तेव्हा ध्यानात ठेवा: ज्याला काम थोडं, त्याला खुराक बेताचाच द्या, आणि लाड करायचेच असतील तर त्याला जरा चालवून आणा.